सात विरुद्ध सहा : व्हायोलिनच्या एका मास्तराची नोकरी आणि जाळीमागच्या मुली

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. शेवटी एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मात्र जरूर द्या.

गेल्या आठवड्यात मुंबईत एका लहानशा सभागृहात विवाल्डी ऐकला. म्हणजे तोच, ज्याची 'वसंत'ची सुरुवात आपण कस्टमर केअरच्या फोनवर ताटकळत असताना शंभर वेळा ऐकलेली असते. मी तशाच अपेक्षेनं गेलो होतो. गोड वाजेल, दीड तास बरा जाईल, संपलं की चहा पिऊ.

अकरा वादक. चेलो आणि हार्पसिकॉर्डवाले सोडले तर सगळे उभे. समोर काठी हलवणारा कुणी नाही. व्हायोलिनला स्टीलच्या नव्हे, तातीच्या तारा, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, तीनशे वर्षांपूर्वी असायच्या तशा. आपल्या दमट हवेत तात क्षणाक्षणाला सुरातून ढळते, त्यामुळे प्रत्येक भागानंतर थांबून सूर जुळवणं चाललं होतं. काही लोक चुळबुळ करायला लागले. माझ्या मागच्या खुर्चीवर एक आजोबा होते, बहुधा आयुष्यभर मैफिली ऐकलेले. ते शेजारच्याला म्हणाले, "अहो, तंबोरा लागतोय. लागू द्या की नीट."

मग 'ग्रीष्म'चा शेवटचा भाग सुरू झाला. वादळ. जी बाई मुख्य व्हायोलिन वाजवत होती तिचा गज अक्षरशः दिसेनासा झाला. मधेच गजाचे दोन केस तुटून हवेत लोंबायला लागले, तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीचे दहा जण तिच्या तोंडाकडे बघत तिच्या मागे धावत होते, आणि धावताना हसत होते. एका क्षणी ती अचानक थांबली, अर्धा श्वास घेतला आणि पुन्हा सगळे एकदम कोसळले. मागून आजोबांचा मोठ्यानं "वा!" आला.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून डोळे वटारले. व्हायोलिनवाली मात्र खुलली. पुढची तान तिनं सरळ आजोबांच्या दिशेनं वळून वाजवली.

घरी येताना डोक्यात हेच होतं. आजोबांचं चुकलं का? हे संगीत जिथं जन्मलं तिथं लोक कसे ऐकत होते? वाजवत कोण होतं? आणि त्याचा खर्च कोण करत होतं? वाचत गेलो, आणि गोष्ट पोचली एका अनाथालयाच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत.

कोनाड्यातली बाळं

व्हेनिस. समुद्रातलं व्यापारी गणराज्य. तिथं चार मोठ्या धर्मादाय संस्था होत्या. त्यांना 'ओस्पेदाले' म्हणत. शब्द हॉस्पिटलचाच, पण काम जास्त व्यापक: आजारी, भिकारी, निराधार आणि टाकून दिलेली मुलं यांची सोय. त्यातली 'पिएता' ही चौदाव्या शतकात सुरू झालेली संस्था खास टाकलेल्या बाळांसाठी. भिंतीत एक कोनाडा होता. बाळ त्यात ठेवायचं आणि निघून जायचं. कोण ठेवून गेलं हे कुणी विचारायचं नाही. काही आया बाळाच्या कपड्यात अर्धं तोडलेलं पदक किंवा अर्धं फाडलेलं चित्र ठेवत. उरलेला अर्धा भाग स्वतःजवळ. कधी दिवस पालटले तर जुळवून बघता येईल, या आशेवर. बहुतेक अर्धे तुकडे अर्धेच राहिले.

मुलगे थोडे मोठे झाले की कुठल्यातरी कारागिराच्या हाताखाली कामाला जात. मुली आत राहत. सूत, लेस, शिवण, स्वयंपाक, धुणं. पण ज्यांच्या गळ्यात किंवा बोटात काही दिसे त्यांना संगीताच्या गटात घेत. हा गट साधारण चाळीस जणींचा, शेकडो मुलींमधून निवडलेला. त्यांचं मुख्य काम चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी गाणं-वाजवणं.

आता हा धर्मादाय खर्च होता की गुंतवणूक? दोन्ही. मुली वाजवतात म्हणून गर्दी व्हायची. श्रोते खुर्च्या भाड्यानं घेत. श्रीमंत लोक देणग्या देत, मृत्युपत्रात संस्थेच्या नावानं पैसे ठेवत. त्या पैशातून आतल्या सगळ्या मुलांचं पोट चालायला मदत होई, ज्यांना एक सूरही लागत नव्हता त्यांचंसुद्धा. "आधी पोटाला, मग गाणं" हे आपण नेहमी ऐकतो. व्हेनिसवाल्यांचा हिशेब जरा वेगळा होता. तिथं गाणंच थोडंफार पोटाला घालत होतं.

लाल केसांचा मास्तर

१७०३ च्या सप्टेंबरात पिएतानं व्हायोलिन शिकवायला एक पंचविशीतला पाद्री नेमला. पगार वर्षाला ६० डुकाट, म्हणजे फार नाही. नाव आंतोनियो विवाल्डी. बाप आधी न्हावी, नंतर सान मार्कोच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. पोरगा जन्मला तेव्हा इतका नाजूक की सुईणीनं घरातच घाईघाईनं बाप्तिस्मा उरकला. छातीचा त्रास त्याला जन्मभर राहिला, आणि पाद्री झाल्यावर लवकरच त्यानं तेच कारण सांगून प्रार्थना चालवणं सोडलं. केस लाल, म्हणून गावात नाव पडलं 'लाल पाद्री'.

आता गंमत बघा. पिएताच्या नियमानुसार मास्तरांची नोकरी दर वर्षी विश्वस्तांच्या मतदानाला लागायची. ठेवायचा की काढायचा. १७०९ मध्ये मतं पडली: ठेवा म्हणणारे सहा, नको म्हणणारे सात. विवाल्डी घरी.

त्याचं काही वाईट झालं म्हणून काढलं असं दिसत नाही. संस्थेचा विचार साधा असावा: मोठ्या मुली एव्हाना इतक्या तयार झाल्यात की त्याच लहानींना शिकवतील, मग बाहेरच्या मास्तराला पगार कशाला? ही पद्धत तिथं होतीच. वरच्या मुली खालच्यांना शिकवत. चांगला शिक्षक स्वतःचीच गरज संपवतो, आणि जमाखर्च बघणाऱ्याला त्यात फक्त बचत दिसते. ओळखीचं वाटतंय ना?

पण १७११ मध्ये त्याच मंडळानं त्याला एकमतानं परत बोलावलं. त्याच वर्षी अॅमस्टरडॅममध्ये त्याचे बारा कॉन्चेर्टो छापून आले आणि युरोपभर पसरले. तिकडे जर्मनीत बाख नावाच्या तरुण ऑर्गनवादकानं ते हाती घेतले, त्यातले सहा कळफलकाच्या वाद्यांसाठी उतरवून काढले, आणि त्यातून शिकला. १७१६ मध्ये पुन्हा मतदानात घोळ झाला, काही आठवड्यांनी पुन्हा नेमणूक झाली. पुढे विवाल्डी ऑपेराच्या मागे गावोगाव हिंडू लागला तेव्हा १७२३ मध्ये संस्थेनं व्यवहारी तोडगा काढला: तू गावात नसलास तरी महिन्याला दोन कॉन्चेर्टो पाठव, नगावर पैसे देऊ, आणि गावात असशील तेव्हा मुलींकडून ते बसवून घे. पुढच्या सहा वर्षांत असे सुमारे १४० कॉन्चेर्टो गेले.

थोडं थांबून हे नीट बघू. आज जगभरच्या सभागृहांत विवाल्डीचं जे वाजतं त्यातलं बरंच काही एका अनाथालयाच्या खरेदीखात्यातून आलेलं आहे.

जाळीमागे

वाजवणाऱ्या मुली दिसत नसत. चर्चमध्ये वर सज्जा, सज्जाला लोखंडी जाळी. खाली राजे, राजदूत, प्रवासी; वरून फक्त आवाज. मुलींना आडनाव नव्हतं, असणार कुठून? म्हणून वाद्यच आडनाव झालं. 'व्हायोलिनवाली आन्ना मारिया' ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. विवाल्डीनं तिच्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोंवर तिचं नाव आहे. तिची स्वतःची वहीही टिकली आहे, तीसेक कॉन्चेर्टोंचा एकटीनं वाजवायचा भाग असलेली, बहुतेक विवाल्डीचेच. कोनाड्यात ठेवलेल्या एका बाळाच्या हाताला काय काय येत होतं याचा हा लेखी पुरावा. आजचे कसलेले वादकही त्यातल्या काही जागांवर घाम पुसतात.

१७३९ मध्ये (म्हणजे इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच वर्षी) शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच न्यायाधीश व्हेनिसला आला. त्यानं घरी पत्रं लिहिली. मुली व्हायोलिन, बासरी, ऑर्गन, ओबो, चेलो, अगदी बसूनही वाजवतात, कुठल्याच वाद्याच्या आकाराला घाबरत नाहीत, याचं त्याला फार कौतुक. सगळ्या संस्थांमध्ये वाद्यवादनात पिएता सरस, असं त्याचं मत.

चारपाच वर्षांनी रूसो आला. हो, तोच रूसो, तेव्हा फ्रेंच वकिलातीत चिटणीस. त्यानं 'मेंदिकान्ती' या दुसऱ्या संस्थेतल्या मुली ऐकल्या आणि वेडा झाला. जाळीमागे अप्सरा असणार याची त्याला खात्री. ओळखीच्या माणसाच्या खटपटीनं एकदा मुलींना भेटायला मिळालं, तर एकीला एकच डोळा, दुसरीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. गडी हिरमुसला. पण पुन्हा गाणं ऐकलं आणि त्या पुन्हा सुंदर वाटायला लागल्या, हे त्यानंच आत्मचरित्रात कबूल केलंय. रूसोचं हसू येतं खरं. पण त्या मुलींच्या बाजूनं बघा. ज्यांना देवी आल्या, डोळा गेला, आई नाही, बाप नाही, त्यांच्यासाठी युरोपातले शहाणे लोक समुद्र ओलांडून येत होते.

आणि दाद? चर्चमध्ये टाळ्या वाजवायला बंदी. मग लोक काय करत? खोकत. पाय घासत. जोरानं नाक शिंकरत. जितकं वादन रंगेल तितका खोकला वाढे! आजोबा, तुमचं काही चुकलं नाही. हे संगीत गप्प बसून ऐकायची सक्ती पुष्कळ नंतरची.

भीती वाटावी असं वादन

स्वतः विवाल्डी कसा वाजवायचा? १७१५ च्या फेब्रुवारीत उफेनबाख नावाचा फ्रँकफर्टचा एक तरुण वकील ऑपेरा बघायला गेला. शेवटी विवाल्डीनं एकट्यानं एक तुकडा वाजवला. उफेनबाखनं रोजनिशीत लिहिलं की आपण घाबरूनच गेलो. विवाल्डीची बोटं घोडीच्या इतकी जवळ पोचली होती की गज फिरवायला जागाच उरली नव्हती, आणि तेही चारही तारांवर, अशक्य वाटावं अशा वेगानं. हा सगळा भाग जागच्या जागी रचल्यासारखा.

पुढे उफेनबाखनं त्याच्याकडे काही कॉन्चेर्टो मागितले, तर पठ्ठ्या तीन दिवसांत दहा घेऊन हजर. खास तुमच्यासाठी लिहिलेत म्हणाला! धंद्यात पक्का होता माणूस.

म्हणजे बरोक व्हायोलिन हे शोभेचं, पेस्ट्रीसारखं संगीत नव्हतं. त्यात जोखीम होती. तातीची तार कधीही तुटते. तेव्हाचा गज बाहेरच्या बाजूला वाकलेला, टोकाला हलका. त्यामुळे खाली ओढलेला स्वर ठाम येतो आणि वर ढकललेला हलका, बोलताना शब्दावर जोर पडतो तसा. हनुवटीखालचा आधारही नव्हता, तो एकोणिसाव्या शतकातला. वाद्य सांभाळत, हलत, वाकत वाजवायचं. 'ग्रीष्म'मधलं वादळ अशा वाद्यावर ऐकलं की कळतं, तिथं खरंच काहीतरी मोडायच्या बेतात असतं. आनंद त्यातूनच येतो. उंच दहीहंडी बघताना आपला श्वास अडकतो ना, तसं.

विस्मरण आणि दोन लहान मुलं

पुढे काय झालं? फॅशन बदलली. विवाल्डी म्हातारपणी नशीब काढायला व्हिएन्नाला गेला. ज्या सम्राटाच्या भरवशावर होता तो १७४० मध्ये वारला. १७४१ च्या जुलैत विवाल्डीही गेला. अंत्यविधी गरिबासारखा, आणि दफन झालं तेही सार्वजनिक रुग्णालयाच्या निधीच्या मालकीच्या दफनभूमीत. अनाथालयात नोकरी करून धर्मादाय जमिनीत विसावला.

त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं त्याचं नाव राहिलं ते बहुतेक बाखच्या चरित्रांतल्या तळटीपांत. १९२६ मध्ये इटलीतल्या एका मठाच्या शाळेला इमारत दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी जुन्या हस्तलिखितांची थप्पी विकायला काढली. तूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक लुईजी तोर्री आणि विद्यापीठातले संगीताचे अभ्यासक अल्बेर्तो जेंतिली यांनी ती पाहिली. चौदा खंड एकट्या विवाल्डीचे. ग्रंथालयाकडे पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या शेअर दलालानं पैसे दिले, आपल्या वारलेल्या छोट्या मुलाच्या, माउरोच्या, स्मरणार्थ. मग जेंतिलींच्या लक्षात आलं की हा संग्रह अर्धाच आहे. उरलेला अर्धा जिनोव्हातल्या एका सरदार घराण्याकडे निघाला. १९३० मध्ये तो घेतला कापड कारखानदार फिलिप्पो जोर्दानो यांनी. त्यांचाही लहान मुलगा, रेंझो, नुकताच गेला होता.

आजही त्या संग्रहांना त्या दोन पोरांची नावं आहेत. कोनाड्यातल्या मुलींसाठी जे संगीत लिहिलं गेलं ते परत मिळालं दोन गेलेल्या मुलांमुळे, आणि तेही अर्धं-अर्धं जुळवून. मला त्या तोडलेल्या पदकांची आठवण झाली. इथं मात्र दोन्ही तुकडे जुळले.

गोष्ट इथं गोड संपली असती. पण जेंतिली ज्यू होते. १९३८ च्या वांशिक कायद्यांनी त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली. १९३९ मध्ये सिएना शहरात विवाल्डी सप्ताह झाला, विवाल्डीचं पुनरुज्जीवन म्हणून आज तो मिरवला जातो. ज्यानं त्याला शोधून काढलं त्या माणसाला त्याच्याच देशात जागा उरली नव्हती. मतदानानं गेलेली नोकरी मतदानानं परत मिळू शकते. द्वेषाच्या कायद्यानं गेलेली इतक्या सहज मिळत नाही.

युद्धानंतर विवाल्डी जगभर गाजला, सुरुवातीला स्टीलच्या तारांवर, गुळगुळीत. मग व्हिएन्नात हार्नोनकूर पतीपत्नी आणि त्यांच्या साथीदारांनी जुनी वाद्यं हाती घेतली. १९७७ च्या आसपास त्यांचे 'चार ऋतू' आले, आलिस हार्नोनकूर यांच्या व्हायोलिनवर, तेव्हा अनेकांना ते खरखरीत वाटले. नव्वदच्या दशकात इटलीतल्याच तरुणांनी, 'इल जार्दिनो आर्मोनिको' आणि फाबियो बियोंदी यांच्या 'एउरोपा गालांते'नं, तेच संगीत असं काही वाजवलं की कस्टमर केअरची धून ओळखू येईना. शोधून ऐका. आणि प्रत्यक्ष ऐकायची संधी आली तर खिसा जरा हलका करा. रेकॉर्डिंगमध्ये तो अर्धा श्वास ऐकू येतो, दिसत नाही.

आता मुद्द्याचं

पिएताचं मला उदात्तीकरण करायचं नाही. त्या मुली बंदिस्त होत्या. लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला पुन्हा जाहीर वादन न करण्याची हमी द्यावी लागे. मेंदिकान्तीमधली माद्दालेना लोम्बार्दिनी हा अपवाद. ती लग्न करून बाहेर पडली आणि पॅरिस-लंडनमध्ये स्वतःच्या नावानं वाजवून आली. तशा किती जणी असतील ज्यांचं व्हायोलिन लग्नाच्या दिवशी पेटीत गेलं ते गेलंच? पुढे या संस्थांचे पैसेही बुडाले, १७९७ मध्ये नेपोलियनपुढे गणराज्यच संपलं. (पिएता मात्र लहान मुलांसाठी आजही काम करते.)

तरीही एक गोष्ट उरते. समाजानं ज्यांना कोनाड्यात ठेवलं त्या मुलांना त्या संस्थेनं त्या काळातला उत्तम शिक्षक दिला. मागे, काढला, पुन्हा आणला, हुज्जत घातली, पण दिला. "यांना कशाला व्हायोलिन?" असं विचारलं नाही.

मी ज्या शाळेत शिकलो तिथं संगीताच्या एक बाई होत्या. साधी शाळा, साधी मुलं. बाई पेटीवर बसल्या की मागच्या बाकावरची पोरंही सुरात यायची. बाई निवृत्त झाल्या. पद भरलं गेलं नाही. मग तासिका तत्त्वावर कुणीतरी आलं, मानधन वेळेवर नाही म्हणून गेलं. मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलो तर संगीताच्या खोलीत जुनी बाकं रचली होती. पेटी कपाटात, भात्याला भोक. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "आता कोण शिकतंय हो ते?"

शिकवणारा काढून टाकायचा आणि मग म्हणायचं, कुणी शिकत नाही.

व्हेनिसच्या मंडळानं १७०९ मध्ये हीच चूक केली होती. सात विरुद्ध सहा. फरक इतकाच की दोन वर्षांत त्यांना ती कळली आणि त्यांनी ती दुरुस्त केली.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर आजोबा उठून पुढे गेले. वादकांना इंग्रजीत काही सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग नुसते हात जोडले. व्हायोलिनवालीनं गजाचे तुटलेले केस दाखवले आणि दोघं हसले. तीनशे वर्षांपूर्वी जाळीमागच्या कुठल्यातरी मुलीला खालून नुसता खोकला ऐकू आला असेल. तिला समजलं असेलच.

तर प्रश्न असा: तुमच्या गावातल्या, वॉर्डातल्या शाळेत संगीताचं पद आहे का? भरलेलं आहे का? शेवटचं कधी भरलं होतं? माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा, नसेल तर एकदा जाऊन विचारून या.